पाहणीच्या दिवशीची आवराआवर

आमच्या वन्संना, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला, टापटिपीचं भारी वेड. बावीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला. कारखाना बंद पडला तेव्हा भंगारात निघालेली पातेली मागून आणली आणि एका बंद लॉन्ड्रीमागच्या दोन खोल्यांत रोज दुपारी गरिबांना जेवू घालायला लागल्या. भाजी बाजारातली उरलेली. भाडं आणि गॅस एक संस्था द्यायची. मी चिरायला जायचे आणि बोलणी खायचे. फोडी लहानमोठ्या झाल्या की ताट परत माझ्यापुढे यायचं. "फुकट आहे म्हणून कसंही वाढायचं का गं?"

ऐंशी माणसं तरी यायची. पायऱ्यांवर, भिंतीला टेकून, जागा नसली तर उभ्याने जेवायची. नजर अधू झाल्यामुळे काम सुटलेले एक म्हातारे शिंपीकाका अंथरुणाला खिळलेल्या बायकोसाठी डबाही न्यायचे.

मदतीची मुदत संपत आली आणि संस्थेचं पत्र आलं. बुधवारी दुपारी संस्थेच्या एक बाई पाहणीला येतील, मग पुढचं ठरेल. वन्संचा जीव टांगणीला लागला. मंगळवारी जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, "उद्या पाहुणे येणार आहेत. उद्याचा दिवस येऊ नका, परवा पोटभर वाढते." पाहुण्यांपुढे पसारा कसा दाखवायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात. आणि मी? मीही मान डोलावली. आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

बुधवारी आम्ही पहाटेपासून फरशी घासली. पातेली अशी लखलखत होती की वन्सं स्वतःवरच खूश. बाई आल्या. गोड बोलणाऱ्या होत्या.

"किती स्वच्छ ठेवलंय! पण जेवायला कोणीच नाही?"

"तुम्ही येणार म्हणून थांबवलं त्यांना. उद्या या ना, पाय ठेवायला जागा नसते."

"उद्या दुसऱ्या गावी जायचंय हो. आणि मला जे दिसेल तेच लिहावं लागतं."

महिन्याभरात उत्तर आलं: केंद्र उत्तम, परंतु गरज दिसून आली नाही. वन्संनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. मग म्हणाल्या, "माझ्याच हाताने केलं गं मी हे." खरंच होतं ते. आम्ही अर्ज केले, फोन केले, त्या बाईंनाही गाठलं. पैसे दुसरीकडे दिले गेले होते. बाजारातल्या व्यापाऱ्यांनी भाजी चालू ठेवतो म्हटलं, पण ती शिजवायची कुठे?

खोल्या रिकाम्या करायच्या दिवशी पातेली टेम्पोत चढली. वन्संनी तरीही फरशी पुसून घेतली. तेवढ्यात शिंपीकाका दारात आले. पंधरा दिवस तापाने घरी पडून होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं. चकचकीत, रिकाम्या खोलीकडे डोळे बारीक करून बघत ते उंबऱ्यातच थबकले.

"आजपण पाहुणे येणारेत का? मग उद्या येतो मी."

मला रडू फुटलं. वन्संनी मात्र त्यांच्या हातातला डबा घेतला. तो स्वच्छच होता. तरी नळाखाली धरून पुन्हा धुतला, फडक्याने कोरडा केला, झाकण लावलं आणि रिकामाच परत दिला.