दर्यातल्या सापाचं घराणं

मी तिसरीच्या पुढे शाळा पाहिली नाही. पण वसईतल्या पाचूबंदरच्या किनाऱ्यावर मासळीतलं मला कुणी शिकवावं, हे मी कधी खपवून घेतलं नाही.

त्या सकाळी जाळ्यातली मासळी वाळूवर ओतली होती. बोंबलांच्या ढिगात हात घातला आणि काटा लागल्यासारखं झालं. हात वर काढला तर अंगठ्याला साप लोंबकळत होता. राखाडी, चपट्या शेपटीचा. झटकला. माझ्या मुलानं वल्ह्यानं ठेचला.

असे साप जाळ्यात नेहमी यायचे. आम्ही शेपटीला धरून परत दर्यात फेकायचो. भातशेतात दिवड असते, पाण्यातलीच, चावली तरी थोडं रक्त येतं, बस्स. दर्यातला साप म्हणजे खाऱ्या पाण्यातली दिवड, असं माझा बाप सांगायचा आणि बापाच्या शब्दापुढे मी जात नसे. अंगठा सुजला नाही, दुखलाही नाही. मी परत मासळी निवडायला बसलो.

तेवढ्यात सून चहाची किटली घेऊन आली. नवीच होती. केळीच्या वाडीवाल्यांची मुलगी, शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिनं मेलेला साप पाहिला, माझा अंगठा पाहिला आणि किटली वाळूतच ठेवली.

"बाबा, उठा. दवाखान्यात जायचं."

"कशाला? पान्यातला साप हाय. दिवडीचा भाऊ."

"राहतो कुठे त्यावरून भाऊ ठरत नाही."

"मग कशावरून? लग्नाच्या पत्रिकेवरून?"

निवडणाऱ्या बायका खो खो हसल्या. ती हसली नाही. केसातली पिन काढून तिनं सापाचं तोंड उघडलं. वरच्या जबड्यात अगदी पुढे दोन बारीक सुया.

"दिवडीला हे विषाचे दात नसतात. नागाला असतात, मण्यारीला असतात. हा त्यांच्या घराण्यातला. ह्याचे पूर्वज जमिनीवरचे. त्यांतले काही खाडीत उतरले, तिथेच शिकार करू लागले. ज्यांची शेपूट जरा चपटी ते चांगले पोहले, जगले, त्यांची पिल्लं जगली. असं पिढ्यान् पिढ्या चाललं. जमिनीवरच्यांशी जोडी जमणंच बंद झालं, मग ते वेगळेच झाले. शेपूट पाण्यानं बदलली, बाबा. दात घराण्याचेच राहिले."

मला ते कळलं. येणंजाणं तुटलं की शेजारच्या गावाची बोलीही वेगळी होते, हे वसईत कुणाला समजवावं लागत नाही. पण कळलं म्हणून सगळ्या बंदरासमोर सुनेच्या मागून चालत जायचं?

"मासली उन्हात सडल," मी म्हटलं आणि बसून राहिलो.

घरी जेवायला बसलो तर घास चावेना. जबडा आखडला होता. मान वळेना, मांड्या कुणी दोरीनं आवळल्यासारख्या. सून दारात उभी. सारखी विचारत होती, "बाबा, लघवी कशी होते? रंग कसा?" सासऱ्याला विचारायची गोष्ट आहे का ही? मी ताट सारून उठलो. मग मागच्या दारी गेलो आणि पाहिलं. बिनदुधाच्या चहासारखी, काळपट. भिंतीला धरून उभा राहिलो. आत येऊन बायकोला हळूच सांगितलं आणि वर बजावलं, "तिला बोलू नको."

बायकोनं तिथूनच हाक मारली, "बाय, काली होते गो!"

मुलानं टांगा आणला. मला उचलून घातलं. वाटेत बायकोच्या हातात रोझरीची माळ फिरत होती आणि ओठ हलत होते. सुनेनं मेलेला साप फडक्यात बांधून मांडीवर घेतला होता.

डॉक्टरांनी साप पाहिला, माझा जबडा चाचपला आणि सुनेकडे पाहून मान हलवली. मग सरळ सांगितलं, "ह्या सापावरचं औषध आपल्याकडे नाही."

मी दात आवळलेलेच ठेवून बोललो. "नागावरचं हाय ना? मग ते द्या. त्याचाच भाऊ हाय म्हनते ही."

डॉक्टरांच्या आधी सूनच बोलली. "भाऊ आहे, बाबा. पण वेगळं होऊन फार काळ झाला. विषही वेगळं झालं. नागाच्या औषधाचा भरवसा नाही."

म्हणजे मारण्याइतका जवळचा आणि वाचवण्याइतका जवळचा नाही. दर्यावर मी वादळं पाहिली, तेव्हा हातात काहीतरी असायचं, दोर, वल्हं. इथे काही नव्हतं. सलाईन लावलं आणि वाट बघायची. विषानं स्नायू तुटतात, त्यानंच लघवी काळी होते; तो रंग उतरला, मूत्रपिंडं टिकली तर माणूस टिकतो, एवढंच डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी पापण्या जड झाल्या. उघडायला गेलो तर उघडेनात. मला वाटलं, संपलं. कुणाचा तरी हात माझ्या पायावर होता. बायकोचा असेल म्हणून राहू दिला. बोलण्यावरून कळलं, सुनेचा होता. तरी राहू दिला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा मान थोडी वळली. नर्सनं लघवीचं भांडं दिलं, पडदा ओढला, परत बाजूला केला. डॉक्टर, मुलगा, बायको, शेजारच्या खाटांवरचे पेशंट, सगळे तिथेच. सून खाटेच्या पायथ्याशी उभी होती. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

"बाबा, रंग कसा आहे?" तिनं विचारलं. सगळ्यांच्या देखत.

मी तोंड भिंतीकडे केलं.

"फिकी झाली," मी म्हणालो. "कालच्यापरीस बरीच फिकी."