मी कापलेलं वाक्य

बेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. कृषी खात्यातल्या नोकरीतून अभ्यासाची रजा घेतली आणि जिल्ह्यातल्याच विद्यापीठात जाऊन बसलो. मुख्य विषय फळबाग, जोडीला कृषी संवाद. वर्गातली पोरं बावीस-तेवीसची. ती मला काका म्हणायची आणि माझ्या वहीची झेरॉक्स काढायची. केडगावहून रोज मोटारसायकलने जायचो. सकाळी फळबागेचा तास, दुपारी संवादाचा.

सकाळचे सर कोणत्याच प्रश्नाला सरळ उत्तर देत नसत. मोसंबीला पाणी कधी द्यायचं, असं विचारलं की म्हणायचे, "जमीन कोणती? झाडाचं वय काय? पानं कशी दिसतात? ते आधी सांग." दुपारच्या मॅडम म्हणायच्या, "शेतकरी कामात असतो, चालता चालता ऐकतो. दीड मिनिटात सांगा, नाहीतर सांगू नका." मला दोघांचंही पटायचं.

पहिल्याच हिवाळ्यात मॅडमनी मोबाईलवर पाठवायची दीड मिनिटाची क्लिप करायला सांगितली, नुसत्या आवाजाची. मी मोसंबीचा ताण हा विषय घेतला. सगळ्या झाडांना एकदम फुलं यावीत म्हणून हिवाळ्यात बागेचं पाणी काही दिवस तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. मी लिहिलेलं वाचायला दोन मिनिटं लागत होती. कापत गेलो. शेवटी दोन वाक्यं राहिली आणि त्यांतलं एकच बसणार होतं. एक असं होतं: "जमीन मुरमाड असेल तर ताण निम्माच द्या, आणि पानं वळायला लागली की दिवस न मोजता पाणी सोडा." दुसरं असं: "धोंड्याच्या जेवणाला निघालेल्या जावयासारखं झाडाला दोन महिने उपाशी ठेवा, मग बघा कसं लगडतं." या दुसऱ्याला वर्ग हसला होता. मी पहिलं कापलं. मॅडमनी कापायला सांगितलं होतं हे खरं. काय कापायचं ते माझ्यावर सोडलं होतं.

क्लिपला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. त्याच दुपारी मी ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. टाकताना माझ्या मनात कुणाची बाग नव्हती. लोकांनी आवाजाचं कौतुक करावं, एवढंच होतं.

त्या ग्रुपवर माझी धाकटी बहीण होती. तिला पाथर्डी तालुक्यात दिलेली. लग्नापासून ती आणि दाजी दरसाल दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. त्या हिवाळ्याच्या पाच वर्षं आधी माझ्याच आग्रहाने त्यांनी मोसंबीची दीडशे झाडं लावली. ही दोघं तोडीवर असायची तेव्हा तिच्या सासूबाईंनी शेततळ्याच्या पाण्यावर ती जगवली. खड्डे काढायला मी सुट्टी टाकून गेलो होतो. हातभर खाली मुरूम लागला. पहार आदळली की ठिणगी उडायची. म्हणजे ती जमीन मला माहीत नव्हती, असं मला कुणापुढे म्हणता येत नाही.

त्या वर्षी पहिलं पीक धरायचं होतं. तोडीची टोळी जमवणारा मुकादम दारात आला, तेव्हा बहिणीने त्याला चहा दिला आणि सांगितलं, "औंदा आमचा कोयता न्हाई. बाग हाय आता."

"बागायतदारीण झाली म्हनायची," तो म्हणाला. हे तिने मला फोनवर तीनदा तरी सांगितलं असेल, आणि दर वेळी ती हसली.

क्लिप ऐकून तिने पाणी तोडलं. महिना उलटल्यावर तिचा फोन आला. मी वर्गाबाहेर उभा होतो, आत माझी बोलायची पाळी येणार होती.

"दादा, पानं वळाया लागली. हे म्हनत्यात, पानी सोडू."

"दिवस किती झाले?"

"पस्तीस."

"मग होऊ दे की दोन महिने पुरे. दाजींना म्हणावं, जावयाला दम निघत नाही का?"

"बरं. तू म्हनतुस तर बरं."

पानं कशी दिसतात हे तिने न विचारता सांगितलं होतं. मी ते ऐकलंच नाही. आत गेलो आणि शेतकऱ्याचं म्हणणं कसं ऐकून घ्यावं, यावर दहा मिनिटं बोललो.

पुढचे पंचवीस दिवस त्या घरात भांडणं झाली. दाजी व्हॉल्व्ह उघडायला निघाले की बहीण मोबाईलवर माझी क्लिप लावायची. हे मला नंतर सासूबाईंनी सांगितलं.

दोन महिन्यांनी पाणी सोडलं. झाडं उठली नाहीत. मी गेलो तेव्हा फांद्या शेंड्याकडून वाळत खाली आल्या होत्या. नखाने साल खरवडली, आत हिरवं काही नव्हतं. दुसऱ्या झाडाची खरवडली, तिसऱ्याची. शेततळ्यात पाणी होतं, ते बघवेना. बहीण मागून चालत होती.

"पानी लई सोडलं का रं मी एकदम? का वाईच वाईच सोडाया पायजे हुतं?"

"होतं असं कधी कधी," मी म्हणालो.

पुढच्या दिवाळीला दोघं पुन्हा तोडीला गेली. त्याच्या पुढच्याही.

मला पदवी मिळाली. क्लिप फिरत राहिली. काळ्या जमिनीतल्या एका बागायतदाराने फोन करून आभार मानले, फुलं मावत नाहीत म्हणाला. मी कापलेलं वाक्य घालून दुसरी क्लिप केली. ती कुणी पुढे पाठवली नाही. पहिली अजूनही अनोळखी ग्रुपवरून माझ्याकडे येते.

गेल्या हिवाळ्यात बहिणीची टोळी आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरजवळ होती. सांगून टाकायचंच, असं ठरवून मी उसाच्या फडात गेलो.

"चहा न्हाई मिळायचा हितं," ती म्हणाली. "उन्हाचा कशाला आलास?"

"बाग तुझ्या हातून गेली नाही," मी म्हणालो. "क्लिपमध्ये एक वाक्य होतं. ते मी काढलं."

"कंचं?"

मी म्हणून दाखवलं. ते संपलं तरी ती अजून काही येईल म्हणून थांबली.

"एवढंच हुतं?"

"एवढंच."

"फोनवर बी न्हाई सांगितलंस."

"नाही."

दाजी मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरकडे निघाले होते. त्यांनी विचारलं, "काय म्हनतोय दादा?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "आलाय भेटाया."

ती वाकली आणि पुढच्या उसाच्या बुडाशी कोयता घातला. दाजींचं बरोबर होतं, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. ते मोळी टाकून परत आले, दुसरी घेऊन गेले, पुन्हा आले. मी तिथेच उभा होतो. सांगितलं नाही.