बर्फ कारखान्यातलं गाऱ्हाणं

गगनबावडा सोडून एसटी करूळ घाटाला लागली तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. खिडकीतून दरी दिसत होती, तळाशी हिरवंगार कोकण, बघण्यासारखं होतं सगळं. पण शेजारचे गृहस्थ "आपण काय करता?" असं विचारण्याच्या बेतात होते. चोपन्नाव्या वर्षी कंपनीने घरी बसवल्यापासून मला या प्रश्नाची धास्तीच बसली आहे. आठ महिने मुलाखती देत फिरलो. माझं वय ऐकलं की लोक चहा पाजून वाटेला लावत.

वैभववाडीला उकडायला लागलं. जामसंड्याला उतरून एका खानावळीत आंबोळी (तांदळाचं जाडसर धिरडं) आणि काळ्या वाटाण्याचं सांबार घेतलं. चव झकास, पण दुसरी आंबोळी तशीच बाजूला सारली.

"आवडला नाय काय?" वाढणाऱ्या बाईंनी विचारलं.

"आवडलं हो. मुलाखतीला निघालोय."

"मगे सोलकढी घेवा," असं म्हणून त्यांनी वाटी पुढे सरकवली.

देवगड बंदराजवळच्या बर्फ कारखान्यात मेकॅनिक हवा होता. मालक आबा सत्तरीचे, अंगात बनियन, बोलणं तोडकं. फोनवर मी त्यांना थाप मारली होती की शहराला कंटाळून नोकरी मीच सोडली. कॉम्प्रेसर तासाभरात तापून बंद पडत होता आणि बर्फासाठी ट्रॉलर धक्क्याला अडकले होते.

"आधी मशीन चालती करा," आबा म्हणाले. "मगे कामाचा बोलू."

तीस वर्षं हेच केलं मी. पाना उचलला. आबांनी थांबवलं. गाऱ्हाणं (देवाला मोठ्याने घातलेलं साकडं) घातल्याशिवाय इथे मोठ्या कामाला हात लावत नाहीत. त्यांनी मशीनपुढे नारळ ठेवला. दोघे कामगार हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! ह्यो पुण्याचो माणूस बरी नोकरी आपल्या खुशीन सोडून तुझ्या पायाकडे इलो आसा..."

"व्हय म्हाराजा," कामगार म्हणाले.

आबा थांबले. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, त्याने व्हय म्हणायलाच हवं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगावं तर काम गेलं, आणि नारळापुढे खोटं बोलायची माझी छाती होईना.

"सोडली नाही," मी म्हटलं. "काढून टाकलं मला. आठ महिने झाले, कोणी घेत नाही."

आबांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. गाऱ्हाणं तिथूनच पुढे सुरू केलं.

"तर म्हाराजा, ह्याका कामावरसून काढल्यानी. खोटा बोललो ता पोटात घाल, आणि ह्याच्या हाताक येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," माझाच आवाज सगळ्यांत मोठा निघाला.

यंत्रात हवा शिरली असावी असा माझा अंदाज होता. व्हॉल्व्हला नळी लावून तिचं टोक पाण्याच्या बादलीत सोडलं. अंदाज चुकला असता तर यंत्रातला गारवा करणारा अमोनिया वायू लगेच पाण्यात विरघळत तडतडला असता. पण बुडबुडे आले, मोठाले, नुसत्या हवेचे. ते थांबून तडतड सुरू झाल्यावर व्हॉल्व्ह बंद केला. मशीन चालू केलं आणि समोर स्टूल टाकून बसलो. तास गेला, तापमानाचा काटा चढला नाही. दुसरा तासही गेला. आबांनी मला विचारलं तेव्हा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

"सोमवारपासून येशात मा?"

मला एकदम रडू फुटलं, लपवलं नाही.

बायकोला फोन केला आणि सामान आणायला म्हणून दुसऱ्या दिवशी परत निघालो. घाटात शेजारी एक गृहस्थ होते. या खेपेला मी टक्क जागा. ते काही विचारतील म्हणून वैभववाडीपासून वाट पाहत होतो. गगनबावडा आलं तरी त्यांची आपली दरीच बघणं चाललेलं.

"मी देवगडला बर्फ कारखान्यात असतो," शेवटी मीच म्हटलं. "तुम्ही काय करता?"