तिला परत जाऊ दे

सामना सुरू व्हायला थोडाच वेळ होता आणि पंच मैदानाच्या मधोमध उभे राहून बुटाने सिमेंट घासत होते. मला हात करून त्यांनी जवळ बोलावलं.

"मॅडम, या लाल फुल्या कशाच्या? बास्केटबॉलमध्ये अशी खूण नसते."

"सर, त्या शेडच्या खांबांच्या आहेत."

"कसल्या शेडच्या?"

"पार्किंगच्या."

पंचांनी एकदा फुल्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग शिट्टी गळ्यात अडकवली आणि दोन्ही संघांना सांगितलं की लाल रंगाकडे लक्ष द्यायचं नाही. आमच्या मुलींना मात्र त्या फुल्यांकडेच बघायची सवय झाली होती.

मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे. पदाचं नाव भारदस्त आहे. काम म्हणजे मैदान झाडून घेणं, बॉलमध्ये हवा भरणं, संघ उभे करणं आणि मुलींच्या घरी जाऊन चहा पीत त्यांच्या वडिलांची समजूत काढणं. हे शेवटचं काम मला चांगलं जमतं, कारण चौसाळ्याला असताना माझ्या शाळेतले खेळाचे सर आमच्या घरी असेच येऊन बसायचे. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सर यायचे, पंक्चर नसलेली सायकल तपासून घ्यायचे आणि जाता जाता माझ्या स्पर्धेचा विषय काढायचे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. ही पोरगी पळत पळत पदवीपर्यंत गेली, असं वडील अजून पाहुण्यांना सांगतात. त्यामुळे मैदान या गोष्टीबद्दल मी जरा हळवी आहे, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या बास्केटबॉल कोर्टवर संघ नव्हता. होता, पण मुली पास होऊन गेल्या, दोघींची लग्नं झाली. उरली एक निशात. तिसऱ्या वर्षाची, अंगाने किरकोळ, पण बॉल तिच्या हाताला चिकटल्यासारखा राहायचा. सलग तीन वर्षं आम्ही पहिल्याच सामन्यात हरत होतो. दुसरीकडे कॉलेजात मोटारसायकली वाढत होत्या. उन्हात सीट इतकं तापायचं की पोरं पुस्तकं ठेवून त्यावर बसायची. एवढ्यासाठी का होईना पुस्तकं उघड्यावर दिसतात, असं आमचे प्राचार्य म्हणायचे.

प्राचार्य माणूस चांगला. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून स्वच्छ सांगितलं. संस्थेच्या लोकांना कोर्टच्या जागी शेड पाहिजे होती. ठेकेदार येऊन खुणाही करून गेला होता.

मी म्हटलं, "सर, संध्याकाळी गावात मुलींनी पळावं अशी दुसरी जागा नाही."

"मला पटतंय मॅडम. पण बैठकीत मी काय सांगू? तीन वर्षांत एक सामना नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "या वर्षी आपल्याकडंच स्पर्धा हाय. एक सामना जिंका. एकच. मग मी तिथं तोंड उघडतो."

हे सगळं मी निशातला सांगितलं. तिच्या घरचे तिला संध्याकाळच्या नमाजपर्यंत कॉलेजात थांबू द्यायचे ते फक्त मैदान आणि मॅडम या दोन गोष्टींच्या भरवशावर. कोर्ट गेलं की तिचा दिवस दुपारच्या शेवटच्या तासाला संपणार होता.

"मॅडम, पाच जणी तर लागतेत," ती म्हणाली. "मी एकटीच हाय."

मग मी आमच्या कबड्डीच्या मुली उचलल्या. आमचा कबड्डीचा संघ जिल्ह्यात नाव असलेला. त्यांची कॅप्टन कोमल घाटनांदूरच्या बाजूची. खांदे रुंद, आवाज खणखणीत, चढाईला आलेली पोरगी तिने एकदा धरली की पंचालाच सोडवावी लागायची. कोमल म्हणाली, बास्केटबॉल आमाला येत न्हाई. मी म्हटलं, पळता येतं ना? ती म्हणाली, पळता येतं. असा आमचा संघ झाला.

दोन-तीन आठवडे सराव केला. बॉलचे टप्पे देत पळणं, पास देणं, रिंगखालून टाकणं एवढं त्या बऱ्यापैकी शिकल्या. धरायचं नाही, हे शिकायला वेळ लागला. सरावात निशात बास्केटकडे निघाली की कुणीतरी तिच्या कमरेला मिठी घालायचंच. निशात हसून हसून खाली बसायची.

पहिला सामना बीडच्या एका मोठ्या कॉलेजशी. त्यांच्याकडे सारखे गणवेश, सारखे बूट, सोबत दोन प्रशिक्षक. त्यांची सात नंबरची मुलगी उंच आणि फार हुशार. प्रत्येक वेळी बॉल तीच पुढे आणायची. प्राचार्य पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या शेजारी, का कोण जाणे, ठेकेदार.

सामना सुरू झाला आणि पाच मिनिटांत मला घाम फुटला. सात नंबर बॉल घेऊन मध्यरेषा ओलांडायची आणि आमच्या कबड्डीच्या चारही मुली पळत जाऊन तिच्या मागे उभ्या राहायच्या. पुढे नाही, मागे. समोर रिंग उघडी. ती शांतपणे चालत गेल्यासारखी जायची आणि बॉल टाकून यायची.

कबड्डी बघितलेल्या कुणालाही यातली गोम लगेच कळेल. कबड्डीत चढाईला आलेल्या खेळाडूला मध्यरेषेपर्यंत परत जायचं असतं. ती आत शिरली की बचाव करणाऱ्यांचं एकच काम, तिची परतीची वाट अडवायची. आमच्या मुली लहानपणापासून हेच करत आल्या होत्या. समोरून कुणी रेषा ओलांडून आलं की त्यांचे पाय आपोआप त्या रेषेकडे वळायचे.

मी ओरडून ओरडून सांगत होते, पुढं व्हा, पुढं व्हा. त्यांच्या प्रशिक्षकाने माझ्याकडे बघून सहानुभूतीने मान हलवली. ते मला जास्त लागलं.

मध्यंतरापर्यंत आम्ही बारा गुणांनी मागे होतो. मुली बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतत होत्या. ठेकेदार प्राचार्यांना हाताने काहीतरी दाखवत होता, बहुतेक खांबांची उंची.

मी मुलींना गोल बसवलं. रागावून उपयोग नव्हता. मी कबड्डीतूनच सांगायला घेतलं.

"हा खेळ उलटा आहे. कबड्डीत चढाईवाली परत गेली की ती सुटते. इथं बॉल घेऊन रेषेच्या या बाजूला आलं की परत जायची बंदी. परत गेली तर बॉल आपला."

बास्केटबॉलमध्ये याला बॅककोर्ट म्हणतात. बॉल एकदा समोरच्या अर्ध्या मैदानात आणला की तो घेऊन मागच्या अर्ध्यात जाता येत नाही. मुलींना हा नियम मी सरावात सांगितला होता. पण ऐकणं वेगळं आणि पायांना कळणं वेगळं.

"म्हंजी ती परत गेली तर आपल्याला बरं?" कोमलने विचारलं.

"बरंच."

"मग धरायचं कावून?"

"धरायचंच नाही. पुढून आणि बाजूने अडवायचं. मागची वाट मोकळी सोडायची."

कोमलने कपाळाला आठ्या घातल्या. "मागची वाट मोकळी? मॅडम, माझ्या कबड्डीच्या सरांनी हे ऐकलं तर मला घरी पाठवतील."

बाकीच्या हसल्या. पण त्यांना समजलं होतं. तिसऱ्या डावात, म्हणजे दहा-दहा मिनिटांचे जे चार भाग असतात त्यांतल्या तिसऱ्यात, तिघी जणी नीट रिंगच्या बाजूने उभ्या राहू लागल्या. बीडच्या मुलींना रस्ता मिळेना. त्यांच्या सारख्या बुटांतले पाय आता जड पडत होते. आमच्या मुली मात्र रोज सकाळी पळणाऱ्या, त्यांचा दम आत्ता कुठे सुरू होत होता. निशातने एकामागून एक बास्केट केले. बारा गुणांचे चार झाले.

फक्त कोमल बदलली नाही. सात नंबर आली की ती पळत जायची ती थेट तिच्या मागे. तिच्यामुळे मधे एक भोक राहायचं आणि तिथूनच त्यांना गुण मिळायचे. मी तिला बाजूला बोलावलं. तिचे डोळे भरले होते.

"मला कळतंय मॅडम. पाय ऐकत न्हाईत."

तिला बसवून दुसरीला घ्यावं असं मनात आलं. निशात जवळच उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, तिला राहू द्या. तिच्यासारखा रिबाउंड कुणाला घेता येत न्हाई." रिबाउंड म्हणजे रिंगला लागून उडालेला बॉल. तो कोमल खरंच झाडावरचा आंबा तोडावा तसा घ्यायची. मी तिला ठेवलं.

शेवटच्या मिनिटात निशातने लांबून टाकलेला बॉल रिंगवर दोनदा नाचला आणि आत पडला. आम्ही एका गुणाने पुढे. त्या सामन्यात पहिल्यांदाच. मुलांनी मोटारसायकलींचे हॉर्न वाजवले. त्याच मोटारसायकली, ज्यांच्यासाठी शेड पाहिजे होती.

बीडच्या प्रशिक्षकांनी टाइमआउट घेतला. वीसेक सेकंद राहिले होते आणि बॉल त्यांचा. सगळ्यांना माहीत होतं की तो सात नंबरच आणणार. मी मुलींना जवळ घेतलं. आखणी वगैरे काही सांगितली नाही. फक्त कोमलच्या खांद्यावर हात ठेवला.

"एकदाच. तिला परत जाऊ दे."

"लई जिवावर येतंय मॅडम."

"येऊ दे. पण जाऊ दे."

सात नंबर रेषा ओलांडून आली. निशात समोरून तिला बाजूच्या रेषेकडे ढकलत नेऊ लागली, हात न लावता, नुसतं अंगाने वाट अडवत. दुसरी मुलगी आतल्या बाजूला उभी राहिली. आणि कोमल, अर्थातच, पळत तिच्या मागे जाऊन उभी राहिली. मध्यरेषा तिच्या टाचेपाशी. मला वाटलं, संपलं. पुढे रिंगखाली दोघीच उरल्या होत्या आणि बीडच्या तीन मुली मोकळ्या.

सात नंबरने बॉल द्यायला जागा शोधली. निशातचे हात मधे होते. तिने मागे पाहिलं. तिथे सबंध दुपारभर जी उभी होती तीच कोमल उभी होती, हात पसरून.

तेव्हा मी कोमलचं तोंड पाहिलं. दात घट्ट आवळलेले. आणि मग ती बाजूला झाली. दार उघडून पाहुण्याला वाट द्यावी तशी.

पूर्ण सामन्यात जी वाट एकदाही उघडी नव्हती ती एकाएकी उघडी दिसली. दमलेल्या माणसाला मोकळी जागा दिसली की तो आधी तिकडे जातो आणि विचार नंतर करतो. सात नंबरने बॉलचे टप्पे देत एक पाऊल मागे टाकलं, दुसरं टाकलं. रेषा गेली. शिट्टी वाजली.

ती मुलगी पहिल्यांदा पंचांकडे बघत राहिली, मग पायाखाली, मग कोमलकडे. कोमल म्हणाली, "माफ कर बाई. मला बी आवडलं न्हाई."

बॉल आमचा. उरलेले काही सेकंद निशात तो घेऊन कोर्टभर पळत राहिली आणि बीडच्या पाचही जणी तिच्या मागे. शेवटची शिट्टी झाली तरी ती थांबेना. तिला धरून थांबवावं लागलं, आणि धरायचं म्हटल्यावर आमच्या कबड्डीच्या मुलींना कुणी सांगायची गरज नव्हती.

बीडचे प्रशिक्षक हात मिळवायला आले. त्यांनी मला विचारलं की ही पद्धत तुम्ही मुद्दाम आखली होती का. सबंध सामनाभर मागची वाट बंद ठेवायची आणि शेवटी उघडायची. मी म्हटलं, थोडंफार तसंच. त्यांनी ती वहीत लिहून घेतली. आता मराठवाड्यात कुठेतरी एखादा संघ तीन डाव मुद्दाम चुकीच्या बाजूला उभा राहत असेल तर त्याची जबाबदारी माझी आहे.

प्राचार्यांनी शब्द पाळला. बैठकीत त्यांनी तोंड उघडलं, आणि ऐकलेल्यांच्या म्हणण्याप्रमाणे बराच वेळ उघडं ठेवलं. शेड ग्रंथालयाच्या मागच्या पडीक जागेत गेली. पुढच्या फेरीत आम्ही चांगल्याच मोठ्या फरकाने हरलो, पण प्राचार्य म्हणाले की ठरलं होतं ते एका सामन्याचं. नंतर कबड्डीच्या एका सामन्यात कोमलने चढाईला आलेल्या मुलीला चक्क वाट दिली आणि तिचे कबड्डीचे सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

प्रशिक्षक म्हणून मला एवढंच कळलं, की खेळाडूची सवय दोन आठवड्यांत मोडत नाही. ती मोडायच्या नादात सामना जातो. त्यापेक्षा ती सवय समोरच्याला नीट पाठ होऊ द्यावी आणि आपल्या मुलीकडे एकदाच, अगदी एकदाच, वेगळं काही मागावं. एवढं बहुतेक मुली देतात.

हल्ली संध्याकाळी कोर्टवर वीस-बावीस मुली असतात. निशात शिकवते. अझान झाली की ती बॉल माझ्याकडे देऊन घरी जाते, आणि तिच्या धाकट्या बहिणीला मात्र अजून पाच मिनिटं थांबायचं असतं. त्या पाच मिनिटांसाठी मला त्यांच्या घरी पुन्हा एकदा चहाला जावं लागणार आहे.