आवाजाला किती जागा लागते

आमच्या दुकानातला कॉम्प्युटर टकटक करायला लागला, तेव्हा मी मेडशीच्या एका नवरीचे डोळे पुसत होते. खरे नव्हेत, स्क्रीनवरचे. पाठवणीच्या फोटोत तिचं काजळ गालावर ओघळलं होतं आणि तिचा अल्बम मागच्या उन्हाळ्यापासून रखडला होता. मी हलक्या हातानं एकेक डाग उचलत होते. बाहेर हिवाळ्यातली दुपार, रस्त्याच्या कडेला तुरीच्या हिरव्या शेंगांचे वाटे लावून बसलेल्या बाया, आणि आत कॅबिनेटमधून आवाज आला, टक्. थोडं थांबून परत टक्. बंद घरात कोणी आतून कडी वाजवावी तसा. नवरी अर्ध्या गालावर काजळ घेऊन तिथंच थांबली.

हार्डडिस्क जायला लागली की असंच करते, हे मला माहीत होतं. मी पटकन कॉम्प्युटर बंद केला आणि हात मांडीत घेऊन बसून राहिले. त्या डिस्कवर नुसती लोकांची लग्नं नव्हती. आमच्या ह्यांचा आवाज होता, आणि तो जगात दुसरीकडे कुठंच उरलेला नव्हता.

केनवडला बाजाराच्या रस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ आहे. शूटिंग हे करतात, मिक्सिंग मी. मिक्सिंग म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेलं सगळं कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं, चांगलं ठेवायचं, वाईट कापायचं, मूळ आवाज बंद करायचा आणि वर गाणी टाकायची. आमच्याकडे रीतच तशी. लग्नाच्या व्हिडिओत लोकांना लोकांचं बोलणं नको असतं. कोण जेवायला बोलावलं नाही म्हणून रुसलं, भटजींनी किती घाई केली, हे सगळं सनईखाली गाडून टाकायचं. तयार लग्न घरच्यांच्या हातात दिलं की मूळ शूटिंग पुसायचं आणि पुढच्या लग्नाला जागा करायची.

त्यामुळे इतकी वर्षं मी जे सगळ्यात आधी बंद करत आले, ते ह्यांचं बोलणं. आणि बोलणं तरी किती! कॅमेरा डोळ्याला लावला की ह्यांच्या तोंडाला चाकं फुटायची. "वैनी, इकडे पाहा! हासाले पैसे नाही लागत!" हे तर ठरलेलंच. "ओ मामाजी, पोट आत घ्या, नवरदेव झाकून राह्यला!" कुणी शिंकलं, कुणाचा पदर घसरला, की हे म्हणायचे, "काही नाही होत, आमची घरची काढून टाकते सारं." मग स्वतःच हसायचे, आणि हे हसले की चित्र हलायचं. सप्तपदी चाललेली असायची आणि अख्खा मंडप भूकंप आल्यासारखा गदगदायचा. मी वैतागून कापायचे. माणूस समोर असला की त्याचा आवाज कोण जपून ठेवतं?

तो तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा, खर्रा सोडा म्हणून मी घसा कोरडा केला, आणि घसा गेला तो ह्यांचा. गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्याला एक भोक आहे, त्यावर पातळ रुमाल असतो, आणि श्वास तिथूनच ये-जा करतो. हसतात तेव्हा खांदे हलतात, आवाज येत नाही. काही सांगायचं असलं की मोबाइलवर टाइप करतात आणि माझ्यासमोर धरतात. भांडण झालं तर माझं अर्धं बोलून होईस्तोवर ह्यांचं पहिलं वाक्य टाइप होत असतं. सुरुवातीला मला जिंकल्यासारखं वाटायचं. मग ते जिंकणं नकोसं झालं.

बरं वाटल्यावर ह्यांनी जऊळक्याच्या एका बारशाचं काम घेतलं. बायांनी कॅमेऱ्याकडे पाहावं म्हणून ह्यांनी टाळी वाजवली. बायांना वाटलं, नाव ठेवून झालं; त्यांनीही टाळ्या वाजवल्या. ह्यांनी परत वाजवली, त्यांनी परत वाजवल्या. बाळ दचकून रडायला लागलं. शिट्टी मारावी तर तोंडातून वाराच जात नाही. घरी येऊन ह्यांनी कॅमेरा कपाटात रजईखाली ठेवला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला, "मुक्या मानसाकडे कोनी पाह्यत नाही. तूच पाह्य आता दुकान."

मेडशीची ती नवरी अल्बमसाठी फोन करायची, तेव्हा दर वेळी तेच विचारायची, "माह्या भावाचं लगन हाय, फोटोवाले भाऊच येतीन ना शूटिंगले?" मी "पाहू" म्हणायचे. हे ऐकत असायचे आणि उठून मागे जायचे.

अशात डिस्कनं टकटक सुरू केली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. ह्यांच्या आजारपणात मागच्या हंगामाचं मूळ शूटिंग पुसायचं राहून गेलं होतं. तेवढंच उरलं होतं. बाकी सगळं मी नीट झाडून पुसून टाकलेलं.

नवी डिस्क आणायला आम्ही दोघं वाशीमला निघालो. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला एसटी बदलली. मला प्रवासात नेहमी एक गुंगी येते. मी कधी कुणाच्या मंडपात जात नाही, पण अर्ध्या तालुक्याचे चेहरे मला पाठ आहेत. समोरच्या सीटवरच्या बाईचं लग्न मी केलं होतं, म्हणजे मिक्स केलं होतं. हळद लागताना तिनं एकदा दाराकडे पाहिलं होतं, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखं. ते मी कापलं होतं. आता तिच्या मांडीवर मूल होतं आणि ती खिडकीतून हरभऱ्याची शेतं बघत होती. ती मला ओळखत नव्हती. ऊन तिच्या गालावरून मुलाच्या केसांत आणि तिथून माझ्या हातावर सरकत होतं. वाटलं, ही गाडी जागची हलतच नाहीये, शेतंच मागे सरकताहेत, आणि मी माउसनं ती पुढे ओढतेय. ह्यांनी कोपरानं ढोसलं तेव्हा वाशीम आलं होतं.

आमचे दुकानदार जैन आहेत. त्यांच्या वडिलांचं तिथंच कापडाचं दुकान होतं. आता कॉम्प्युटरचं सामान विकतात, पण दाखवायची पद्धत अजून कापडवाल्यांची. एकेक डिस्क पाकिटातून काढून काउंटरवर साडीचा पदर पसरावा तशी मांडतात.

पहिली काढली ती कॅमेरेवाली. "सध्या हेच चालून राह्यलं भाभी. सोयाबीनच्या गोदामात, शाळेत, घराघरात कॅमेरे. ही दिवसरात्र लिहीत राहते. भरली की जुनं आपोआप पुसते अन् नवं लिहिते."

"पुसणारी नको," मी म्हटलं. "पुसाले मी हाव ना."

"ते कॅमेऱ्याचं मशीन पुसते भाभी, डिस्क नाही," ते हसले. पण मी ती बाजूला सरकवली.

दुसरी एसएसडी. तळहातावर मावेल एवढी, हलकी, आत काही फिरत नाही. "कॉम्प्युटर वाऱ्यावानी पयते याच्यानं. पन एवढ्यात मूळ शूटिंग मावनार नाही. तयार लग्नं ठेवा, बाकी काढून टाका."

ह्यांनी लगेच तिच्यावर बोट ठेवलं. मोबाइलवर टाइप केलं आणि माझ्याऐवजी दुकानदारापुढे धरलं. मी वाकून वाचलं, "हेच द्या. मूळ शूटिंग कचरा हाय."

"कचरा?" मी ओरडलेच. दुकानातली माणसं वळून पाहायला लागली. "काहून कचरा? कोनाचा कचरा?"

ह्यांनी खाली पाहिलं. मग मला कळलं. ह्यांना वेग नको होता, ह्यांना तो आवाज घरात नको होता. आपल्याच घरात आपलाच आवाज दुसऱ्या माणसासारखा हिंडताना ऐकायचा, ह्याची भीती वाटत होती. मला ह्यांची कीव आली आणि रागही आला. आवाज काही ह्यांच्या एकट्याचा नव्हता. संसारभर तो ऐकला कोणी होता?

आता ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं, म्हणून मी दुकानदारांना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "आवाजच पाहिजे ना भाभी? आवाजाले कितीक जागा लागते? व्हिडिओतून काढून घ्या. पेनड्राइव्हात मावते."

"हे हासले की चित्र हलते, भाऊ," मी म्हटलं. "ते कुठी ठेवू?"

दुकानदारांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे शटरच्या बाहेर बघत उभे होते. मग त्यांनी वरच्या फळीवरून तिसरी काढली. जाडजूड, जुन्या पद्धतीची, आत तबकडी फिरणारी. "मंग ही घ्या. धीमी हाय, फिरते, घुरघुर करते, पन पोट मोठं हाय."

वर्णन ऐकून मला घरचंच माणूस आठवलं. मी तीच घेतली. जुनी डिस्क किती देईल ते देवाच्या हाती, ती पुन्हा पुन्हा लावून बघू नका, एका बैठकीत निघेल तेवढं काढा, असं त्यांनी बजावलं.

परतीच्या गाडीत खोका ह्यांनीच घेतला. माझ्याशी बोलायचं नव्हतं, म्हणजे टाइप करायचं नव्हतं. पण रस्ता खराब लागला तसा ह्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून खोक्याभोवती गुंडाळला आणि दोन्ही हातांनी मांडीवरून थोडा उचलून धरला, गचके लागू नयेत म्हणून. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनीच कॅबिनेट उघडलं, नवी डिस्क बसवली, स्क्रू पिळले, वायरी लावल्या, आणि मागच्या खोलीत निघून गेले. मी कॉपी सुरू केली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढे सरकू लागली. फोल्डरांची नावं ह्यांच्याच डोक्यातली. 'पांढरा घोडा पयाला.' 'डीजे बंद.' 'मामा रुसला.' एकेक लग्न जुन्या घरातून नव्या घरात जात होतं, सावकाश, वरातीच्या चालीनं. मध्येच टक् व्हायचं आणि पट्टी थांबायची. उन्हाची तिरीप टेबलावरून भिंतीवर चढली. 'डीजे बंद' आलंच नाही. दोनदा टक् केलं आणि कायमचं गेलं. त्यातलं काय गेलं ते आता मला कधीच कळणार नाही, आणि ते अजून मनाला लागतं.

मेडशीचं आलं. ते शेवटचं लग्न, ऑपरेशनच्या आधीचं. नीट आलं का बघावं म्हणून मी फाइल उघडली. मूळ आवाज बंद करायची सवय असलेला हात बटणाकडे गेला, आणि मी तो मागे घेतला.

"वैनी, इकडे पाहा! हासाले पैसे नाही लागत!"

दुकान भरून गेलं. आवाज तेव्हाच थोडा घोगरा झाला होता, ते तेव्हा आम्हाला दोघांनाही कळलं नव्हतं. नवरी रडत होती आणि हे तिला म्हणत होते, "रडून घे बाई, आमची घरची पुसते नंतर." मग हसले. चित्र हललं. माझ्याही डोळ्यांपुढे सगळं हलायला लागलं.

मागे चाहूल लागली. हे दाराशी उभे होते. किती वेळचे, कोण जाणे. पुढे आले, स्टूल ओढून बसले आणि ते लग्न शेवटपर्यंत पाहिलं. संपल्यावर मोबाइल काढला. टाइप करायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"कोन हाय हा बाताड्या? केवढा बोलते."

आणि ह्यांचे खांदे हलायला लागले. मी रडत होते आणि मलाही हसू फुटलं. बाहेर तुरीच्या शेंगावाल्या बाईनं आत डोकावून पाहिलं आणि आपलं काम नाही म्हणून वळून बसली.

काही दिवसांनी एका दुपारी ह्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला, "ते 'वैनी इकडे पाहा' येवढं कापून दे. अन् मामाजीचं पोट पन." जे मी जन्मभर कापून फेकत आले, ते आता कापून ठेवायचं होतं. मी एकेक तुकडा मोबाइलवर घालून दिला. ह्यांनी कपाटातून रजईखालचा कॅमेरा काढला आणि त्याच्या पट्ट्याला बाजारात मिळतो तसला छोटा स्पीकर रबरानं बांधला.

मेडशीच्या त्या मुलीच्या भावाचं लग्न. पहिल्यांदाच मीही गेले. धीर द्यायला गेले असं मी म्हणत होते, पण धीर मलाच हवा होता. मंडपात नवरा-नवरी, मामा, काका, सगळे आपापल्या नादात. कॅमेऱ्याकडे कुणाचंच लक्ष नाही. मी मागे बायांच्या घोळक्यात उभी होते. ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि अंगठ्यानं मोबाइल दाबला.

"वैनी, इकडे पाहा! हासाले पैसे नाही लागत!"

अख्खा मंडप वळला. मागच्या वर्षीची नवरी करवली म्हणून पुढे उभी होती. तिनं आधी तोंडावर हात ठेवला आणि मग मोठ्यानं हसली. मीही वळले होते. इतकी वर्षं तो आवाज कॉम्प्युटरमध्ये ऐकला, पण कॅमेऱ्यामागून त्यानं मला कधी हाक मारली नव्हती.

ते शूटिंग परवा मिक्सिंगला घेतलं. हसणारी करवली, तिचे काका, मग कॅमेरा हळूहळू मागे, बायांच्या घोळक्यात येतो आणि एका बाईवर थांबतो. पदराचं टोक तोंडात धरलेली, वेड्यासारखी बघणारी बाई. मी आहे ती. मागे सनई आहे, भांड्यांचा आवाज आहे, ह्यांचा काहीच आवाज नाही. पण चित्र हलतंय.

ते मी कापलेलं नाही.