मास्तरांचा वीस आकडी आकडा

“बाबा गेले,” दिनकर मास्तरांचा मुलगा फोनवर एवढंच म्हणाला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “असं कसं? पैज राहिलीय की अजून!” महिना झाला त्याला. अजून लाज वाटते.

मास्तर गारगोटीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि कोल्हापुरात आमच्या शेजारी राहायला आले. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत घाम गाळलेला गडी. जगात न फुटणारं काही नसतं, हा माझा बाणा. पहिल्याच चहाला मास्तरांनी आमच्या फरशीवर खडूनं लिहिलं: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. म्हणाले, “एकापासून दहापर्यंत चढायचं, परत एकावर उतरायचं. मूळ संख्या हाय ही. एक आणि ती स्वतः, दुसऱ्या कशानं भाग जात न्हाय.” एवढा लांबलचक ऐवज आणि भाग जात नाही? मी म्हटलं, “फोडून दावतो, मास्तर.” “फोड की मर्दा! साडेतीन अब्जापर्यंतच बघायचं, त्याच्या पुढं गरज न्हाय,” हा वर दिलासा! पैज मटणाच्या जेवणाची.

एका रविवारी मोबाईलवर सातानं भागलं, तर उत्तरात अपूर्णांकच नाही! मी गल्लीला आवतण देऊन मोकळा. तांबडा-पांढरा उकळायला लागल्यावर मास्तर आले आणि शांतपणे म्हणाले, “मोबाईलला जागा पुरंना, म्हणून शेपूट गिळलंय त्यानं. कागदावर कर.” केलं. बाकी पाच. जेवण माझ्याच अंगावर आलं आणि मास्तरांनी पांढरा रस्सा मागून मागून घेतला. तेव्हापासून रोज कुंपणावरून हाक, “कुठवर आलास रे?” या माणसाला एकदा, फक्त एकदा हरवायचं होतं मला...

रक्षाविसर्जनाला कावळा शिवेना. मुलगा म्हणाला, आईला सांभाळतो. सूनबाई म्हणाल्या, पुस्तकं रद्दीत घालत नाही. कावळा ढिम्म! ऊन चढलं, पावणं माझ्याकडं बघायला लागलं. मी हात जोडले, “हरलो, मास्तर. तुमच्या आकड्याला भाग जात न्हाय.” कावळ्यानं चक्क पाठ फिरवली. मग डोक्यात उजेड पडला. करून बघितल्याशिवाय मान्य केलेलं मास्तरांना कधी चाललंय? ओरडलोच, “बरं, मान्य न्हाय! जिता हाय तोवर भागत ऱ्हातो!” आणि घातली की झडप त्यानं भातावर!

तेव्हापासून रोज सकाळी एक भागाकार करतो. परवा बाकी शून्य आली. खरंच शून्य! “जिंकलो!” म्हणत कागद घेऊन कुंपणापर्यंत धावलो... पलीकडं कोणी नव्हतं. घरात येऊन पहिल्यापासून आकडेमोड तपासली. मधे एक हातचा चुकला होता. आयुष्यात पहिल्यांदा चूक सापडल्यावर देवापुढं साखर ठेवली.