यात्रेचा तिसरा दिवस

"टेन्शन घेऊ नको" हे वाक्य पहिल्यांदा ज्याने काढलं, त्याला मला एकदा गाठायचं आहे. त्या दोन आठवड्यांत नवऱ्याने ते इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी मी सांगून टाकलं, आता हे तोंडातून काढलंस तर तुझं तू वाढून घ्यायचं. घेऊ नको म्हणे! मी काय बाजारात जाऊन पिशवी भरून आणत होते?

झालं असं होतं. बेळगावच्या डॉक्टरबाईंकडे माझी पहिली सोनोग्राफी होती. खानापूरच्या पलीकडच्या आमच्या गावाहून मी आणि सासू सकाळच्या बसने गेलो. सासूला मी आत्ती म्हणते. लग्नाला पाच वर्षं झालेली आणि हे पहिलंच. बाईंनी विचारलं, "शेवटची पाळी कधीची?" मी तोंड उघडायच्या आत आत्तींनी तारीख सांगितली. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर माझ्या पाळीच्या फुल्या त्याच मारतात. बाहेर बसायची पद्धत मोडली, बेळगावला नोकरीला जाणारी सून कुठे बसणार? पण देवघराला शिवायचं नाही, म्हणून फुली. मी मुकाट मान हलवली.

बाईंनी पोटावर मशीन फिरवलं, स्क्रीनवर माप घेतलं. मग म्हणाल्या, "तारखेप्रमाणे नऊ आठवडे व्हायला पाहिजेत. इथे नुसती पिशवी दिसते, पाच-साडेपाच आठवड्यांची. ठोके दिसत नाहीत. वाढ थांबली असेल. घाई करायची नाही, दोन आठवड्यांनी परत बघू. तेव्हाही काही दिसलं नाही, तर मग साफ करावं लागेल."

साफ करावं लागेल. जसं काही माळ्यावरचं अडगळीचं सामान.

आता खरं सांगते. ती तारीख चुकीची होती, आणि ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

आमच्या गावात लक्ष्मीची यात्रा कितीतरी वर्षांनी भरली होती. घरोघरी लेकीबाळी, पाव्हणे, अंगणात मांडव. थोरली सून म्हणून ओटीचं ताट मी न्यायचं होतं. पाळी नेमकी त्याच आठवड्यात येणार, म्हणून आत्तींनी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून माझ्या हातात दिल्या. गावातल्या निम्म्या बायका त्याच गोळ्यांवर होत्या. मी एकही खाल्ली नाही. आधी एकदा खाल्ल्या होत्या तेव्हा तीन दिवस डोकं फुटायची वेळ आली होती. म्हटलं, आपलं नशीब बघू. कसलं नशीब! तिसऱ्या दिवशी सकाळी, हिरवी साडी नेसताना, कळलं. बाहेरून आत्तींची हाक, "अगं ताट घे की, बायका थांबल्यात." मी घेतलं आणि गेले. देवीपुढे वाकले, ओटी भरली.

यात्रा झाली, कॅलेंडरवर फुली पडली नाही, शेवटची फुली आधीच्या महिन्याचीच राहिली, आणि महिन्याने चाचणीत दोन रेघा आल्या. आत्तींनी गावभर सांगितलं, सून ओटी भरायला गेली तेव्हाच देवीनं पदरात टाकलं होतं. आता यावर मी काय बोलणार होते, सांगा!

आणि खरी पंचाईत पुढेच होती. यात्रेतलं ते जेमतेम दीड दिवसाचं. धड पाळी म्हणावं तर नाही. पाळी असली तर पिशवी बरोबर वयाची. नसली तर माझं बाळ पोटातल्या पोटात गेलेलं. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून दवाखान्यात फोन केला. फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत, पुढच्या तपासणीला सांगा." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मोबाईलवर वाचायला गेले, तर एक म्हणे सगळं ठीक, दुसरं म्हणे सगळं संपलं. फोन आपटावासा वाटायचा. पोटावर हात ठेवायची आणि मग स्वतःचाच राग येऊन काढून घ्यायची.

त्यात घरात आत्तींनी जेवण सोडलं. आधी मंगळवार-शुक्रवार, मग रोजच एक वेळ. चहावर दिवस काढायच्या. दहाव्या दिवशी मी ताट पुढे सरकवलं तेव्हा त्या रडायलाच लागल्या.

"माझंच पाप हाय गं. ओटीतला नारळ नासका निघालता. मी कुणाला सांगितलं न्हाय, गुपचूप मागं टाकला. देवी माझ्यावर कोपली, आणि भोगतीस तू."

माझं डोकं सणकलं. दहा दिवस ही बाई एका नारळापायी उपाशी, आणि मी एका फुलीपायी गप्प. मी ओरडलेच, "नारळाचं काही नाही हो आत्ती! गोळ्या मी खाल्ल्याच नव्हत्या. तिसऱ्या दिवशी मला आली होती. तशीच गेले मी ताट घेऊन!"

आत्तींचा हात ताटातच राहिला. "देवीपुढं? तशीच?"

"मग काय करणार होते? ताट तुम्हीच हातात दिलंत!"

त्या उठल्या आणि परसात निघून गेल्या. पुढचे चार दिवस माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. पण जेवल्या, एवढं मी पाहिलं.

तपासणीच्या दिवशी मी एकटीच निघाले होते. नवऱ्याला कारखान्यातून सुट्टी नव्हती. बसमध्ये बसले तर आत्ती येऊन शेजारी बसल्या, तोंड दुसरीकडे करून. दवाखान्यात आमच्याच गावच्या दोघी नंबर लावून बसलेल्या. त्यांच्यात आणि बाईंच्या टेबलात नुसता पडदा. बाईंनी फाइल उघडून तारीख वाचली. सांगायचं ठरवून आले होते, पण माझे डोळे त्या पडद्याकडेच गेले.

"ती तारीख चुकीची हाय," आत्ती मोठ्यांदा म्हणाल्या. "आमच्या यात्रेच्या तिसऱ्या दिवशी आल्ती तिला. ती लिवा."

पडद्यापलीकडची कुजबुज थांबली.

बाईंनी जुनी तारीख खोडली, नवी लिहिली. मशीन पोटावर फिरलं. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. "बघा तरी," बाई म्हणाल्या, "ठोके आहेत. साडेसात आठवडे. तारखेला अगदी बरोबर." एवढासा ठिपका लुकलुकत होता. मी हुंदके देऊन रडले, आणि खोटं कशाला बोलू, त्यात आनंदाइतकाच संतापही होता.

बाईही वैतागल्या होत्या. "अहो, हे त्याच दिवशी सांगायचं ना मला! दोन आठवडे उगाच जीव टांगणीला लावून घेतला."

आत्ती माझ्या पोटावरची जेल पदराने पुसत होत्या.

"ती सांगणार कशी बाई?" त्या म्हणाल्या. "मी शेजारीच बसल्याली न्हवं."